पासपोर्ट आधी परत द्या, बोलणं नंतर

(पत्र मोठं होतं. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देत आहोत.)

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. वडिलांनी उद्यमनगरातल्या एका शेडमधून सुरुवात केली, आता कारभार मी बघतो. ट्रॅक्टर आणि पंपांची कास्टिंग्ज (ओतीव भाग) करतो. कर्ज काढून वाळूचे साचे बनवणारी नवी हाय प्रेशर मोल्डिंग लाइन टाकली, पण रिजेक्शन, म्हणजे सदोष निघणारा माल, काही केल्या खाली येईना. मशीनवाल्यांच्या ओळखीतून ब्राझीलचा एक अनुभवी फाउंड्री इंजिनीअर मिळाला. त्याच्या एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी लागणारी सगळी कागदपत्रं आम्ही दिली, नोंदणी केली, नागाळा पार्कात फ्लॅट घेऊन दिला. पगार वेळेवर देतो. करार दोन वर्षांचा आहे आणि मधेच सोडलं तर दहा लाख भरायचे, असा बाँड आहे. दहा महिन्यांत रिजेक्शन खरोखरच निम्म्यावर आलं. आता तो म्हणतो, आई आजारी आहे, महिन्याची नोटीस देतो आणि जातो. डिसेंबरात त्याने दोन आठवड्यांची रजा मागितली होती, पण तेव्हा ऑर्डरींचा जोर होता म्हणून दिली नाही. नोंदणीच्या वेळी घेतलेला त्याचा पासपोर्ट आमच्या ऑफिसच्या तिजोरीतच आहे. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, "पासपोर्ट सोडलास की पाखरू उडालंच म्हणून समज." मीही रागाच्या भरात त्याला बोललो, की व्हिसा आमच्या नावावर आहे, आमच्या सहीशिवाय तुला हलता येणार नाही. तेव्हापासून तो कामावर येतो, पण कुणाशी बोलत नाही. बायको म्हणते, हे बरोबर नाही. पण आम्ही एवढा खर्च केला, सरकारला त्याची हमीही आम्हीच दिली. बाँडचे पैसे मिळेपर्यंत पासपोर्ट ठेवला, तर आमचं चुकलं कुठं?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. माणूस टिकावा, लाइन चालू राहावी, कर्जाचे हप्ते वेळेवर जावेत, ही तुमची काळजी खरी आहे आणि त्यावर पुढे सविस्तर लिहिते. पण एक गोष्ट त्या सगळ्याच्या आधी करायची आहे, आणि ती आजच्या आज. तिजोरी उघडा आणि पासपोर्ट त्याच्या हातात द्या. बाँडचं बोलणं झाल्यावर नको, वकिलांचा फोन आल्यावर नको आणि "देतो, पण आधी एवढं सही कर" असंही नको. तुमच्याकडे झेरॉक्स असेलच, नसेल तर स्कॅन करून घ्या. पासपोर्ट परत दिल्याची दोन ओळींची पोच घ्या आणि तिची एक प्रत त्यालाही द्या.

पासपोर्ट ही ज्या देशाने तो दिला त्या सरकारची मालमत्ता असते. तो जवळ बाळगण्याचा हक्क त्या माणसाचा, तुमचा नाही. आपल्याकडे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पासपोर्ट जप्तीच्या एका खटल्यात स्पष्ट केलं, की भारतीय नागरिकाचा पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट कायद्याखाली फक्त पासपोर्ट अधिकाऱ्याला आहे. पोलीस किंवा फौजदारी न्यायालयसुद्धा सर्वसाधारण अधिकार वापरून तो अडकवून ठेवू शकत नाही. मग परक्या देशाचा पासपोर्ट एका कारखानदाराने कशाच्या आधारावर ठेवायचा? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं ठरवून दिली आहेत. ओळखीची कागदपत्रं काढून घेणं हे त्यातलं एक, धमकावणं हे दुसरं आणि हालचालीवर बंधन हे तिसरं. तुमच्या पत्रात ही तिन्ही आहेत. तुम्ही तसे नाही, हे पत्राच्या सुरावरून मला कळतं. पण त्याने उद्या मुंबईतल्या ब्राझीलच्या वाणिज्य दूतावासाला फोन केला, तर तिथल्या माणसासमोर तुमचा सूर नसेल. त्याच्यासमोर एवढंच असेल, की मालकाने पासपोर्ट ठेवून घेतलाय आणि जाऊ देत नाही. एखाद्याला त्याच्या मनाविरुद्ध बेकायदेशीरपणे कामाला जुंपणं हा भारतीय न्याय संहितेतला गुन्हा आहे, कलम १४६. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि तुमचा माल परदेशी कंपन्यांच्या ट्रॅक्टरात जात असेल, तर कामगारांची कागदपत्रं अडकवून ठेवली आहेत का, हा सप्लायर ऑडिटमधला नेहमीचा प्रश्न आहे. त्याचं "हो" हे उत्तर दहा लाखांच्या बाँडपेक्षा कितीतरी महाग पडतं.

आणि पासपोर्ट इतके दिवस ठेवायचं कारणच काय होतं? नोंदणी ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर होते, तिथे स्कॅन अपलोड करायचा असतो. मूळ पासपोर्ट दाखवायला लागलाच, तर तो माणूस स्वतः घेऊन जातो. एखाद्या रविवारी त्या माणसाला गोव्याला किंवा हंपीला जाऊन यावंसं वाटलं असेल. परदेशी पाहुण्याला कोणतंही हॉटेल पासपोर्ट पाहिल्याशिवाय खोली देत नाही. म्हणजे दहा महिने एका प्रौढ, अनुभवी माणसाला एक रात्र कुठे मुक्काम करायचा तरी तुमच्या ऑफिसात येऊन तिजोरी उघडायला सांगावी लागत होती. त्याने ते किती वेळा टाळलं असेल, याचा विचार करा.

आता तुमच्या मनातल्या मुख्य समजुतीकडे येते. तुम्ही लिहिता, व्हिसा आमच्या नावावर आहे, सरकारला हमी आम्ही दिली. हमी दिली हे खरं. पण कशाची? एम्प्लॉयमेंट व्हिसावर माणूस आणणाऱ्या कंपनीवर दोन गोष्टींची जबाबदारी येते. इथे असेपर्यंत त्याच्या वर्तणुकीची, आणि मुदत संपल्यावर तो देशाबाहेर जाईल याची. दुसरी अट नीट वाचा. तो जाईल याची जबाबदारी तुम्ही घेतली आहे. त्याला जाऊ न देण्याचा अधिकार त्या कागदाने तुम्हाला कुठेही दिलेला नाही. तुम्ही आज करताय ते तुमच्याच हमीच्या उलटं आहे. या वादात त्याचा व्हिसा संपला आणि तो इथेच अडकून पडला, तर मुदतीपेक्षा जास्त राहिल्याबद्दल २०२५ च्या नव्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षा त्याला होईल. आणि जबाब द्यायला तुम्हाला बोलावतील.

या व्हिसाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि तुमच्या रागातल्या वाक्याचं वजन त्यामुळेच वाढतं. एम्प्लॉयमेंट व्हिसा एका मालकाला बांधलेला असतो. समूहातल्या कंपनीत बदली करायची, तरी सरकारची परवानगी लागते. तुमच्या लाइनवरचा एखादा कोल्हापूरचा इंजिनीअर तुमच्याशी भांडला, तर तो सोमवारी गोकुळ शिरगावात दुसऱ्या नोकरीवर हजर होईल. या माणसाला तसं दार नाही. तुमच्याकडची नोकरी सुटली की भारतातला मुक्कामच सुटतो. नोकरी, घर आणि राहण्याचा परवाना या तिन्ही किल्ल्या एकाच मालकाच्या हातात असताना त्या मालकाने "आमच्या सहीशिवाय हलता येणार नाही" म्हणायचं, हे साधं बोलणं राहत नाही. त्याच्या गप्प होण्याचं कारण मला तरी इथेच दिसतं. म्हणून पासपोर्ट देताना तेवढं एक वाक्य स्पष्ट शब्दांत मागे घ्या, "मी ते बोललो ते चुकीचं होतं, तू हवं तेव्हा जाऊ शकतोस." दुभाष्याच्या किंवा मॅनेजरच्या तोंडून नको. तुम्ही स्वतः सांगा.

आबांबद्दल. त्यांचा मी अनादर करत नाही. उद्यमनगरातल्या शेडमधून शिरोलीपर्यंत येणं ही काही सोपी गोष्ट नव्हे. पण त्यांच्या वाक्यामागचा विचार आपल्या भागात सगळ्यांनी पाहिलेला आहे. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी उचल द्यायची आणि उचल फिटेपर्यंत टोळी हलू द्यायची नाही. मुकादम पळाला की गाडी करून त्याच्या मागे जायचं. पैसे अंगावर आहेत, म्हणजे माणूस ताब्यात आहे, हा हिशेब आपल्याकडे इतका मुरलाय, की तो कुणाला खटकतही नाही. १९७६ पासून वेठबिगारीविरोधी कायदा देशात आहे. त्याआधी कितीतरी वर्षं शाहू महाराजांनी याच संस्थानात वेठ बंद केली होती. तरीही उचलीचा हिशेब आपण ऊसाच्या फडातून उचलून एमआयडीसीत आणला. तुमच्याकडे फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) किंवा भट्टीवर बिहार, ओडिशाची पोरं असतील. त्यांची आधार कार्डं कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहेत? पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. असतील, तर तीही आजच परत करा.

खर्चाचं बघू. तुम्ही त्याचं तिकीट काढलं, व्हिसाची कामं केली, फ्लॅटचं डिपॉझिट भरलं. डिपॉझिट तुम्हाला परत मिळणार आहे. पगाराच्या बदल्यात त्याने काम केलंय, आणि रिजेक्शन निम्म्यावर आलं, हे तुम्हीच लिहिलंय. निम्म्यावर आलेल्या रिजेक्शनचा दहा महिन्यांचा आकडा काढा. किती टन माल पुन्हा वितळवावा लागला नाही, किती वीज वाचली, किती डिलिव्हरी वेळेवर गेल्या. तो आकडा तिकिटाच्या आकड्याशेजारी लिहा, मग "एवढा खर्च केला" हे वाक्य पुन्हा वाचून बघा.

बाँडबद्दल अनेक मालकांचा गैरसमज असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात नोकरीतला बाँड वैध धरला, तेव्हापासून बाँड म्हणजे पक्की वसुली असं बरेच जण समजतात. त्या प्रकरणात रक्कम दोन लाख होती आणि जाहिरात काढून, परीक्षा घेऊन पुन्हा भरती करण्याचा बँकेवर पडणारा भार न्यायालयाने विचारात घेतला होता. करार कायद्याच्या कलम ७४ चं तत्त्व जुनंच आहे. करारात आकडा कितीही लिहिलेला असो, मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची फक्त कमाल मर्यादा. तुमचं वाजवी नुकसान किती? त्याला तुम्ही कसलंही प्रशिक्षण दिलेलं नाही. उलट त्याला येत होतं म्हणूनच तुम्ही त्याला आणलं. तो एक महिन्याची नोटीसही देतोय. आईच्या आजारपणामुळे निघालेल्या माणसाकडून दहा लाख वसूल करायला तुम्ही न्यायालयात जाल, तर वकिलाची फीच पहिल्यांदा दिसेल. मागायचेच असतील, तर ज्याच्या पावत्या दाखवता येतील तेवढे आणि उरलेल्या काळाच्या प्रमाणात मागा, लेखी मागा. त्याचा पगार, रजेचे पैसे आणि कागदपत्रं यांना त्या मागणीशी बांधू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. "फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी" ही आपली जुनी सवय आता चालणार नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल, तर बाँड सोडून द्या.

आता त्या माणसाकडे येऊ. तुमच्या पत्रात लाइनबद्दल, रिजेक्शनबद्दल, कर्जाबद्दल बरंच आहे. त्याच्याबद्दल आईचं आजारपण आणि नाकारलेली रजा एवढंच. आईला काय झालंय, घरी दुसरं कोण आहे, डिसेंबरची रजा त्याने कशासाठी मागितली होती, हे तुम्ही विचारलंत का? कदाचित तेव्हा आई बरी असती आणि दोन आठवडे भेटून तो परत आला असता. कदाचित नाताळच असेल. आपल्याकडे गणपतीत कोकणातला कामगार गावी निघाला, तर कुठला फोरमन त्याला अडवतो? पासपोर्ट त्याच्या खिशात गेल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्या आणि मग त्याच्याशी बसा. ऑफिसात नको, घरी जेवायला बोलवा. तुमच्या पत्नीला या माणसाची बाजू कळली आहे, त्यांनाही बसू द्या. आणि विचारा, "तुला कायमचं जायचंय की आत्ता जायचंय?" या दोन्हींत फरक आहे, आणि त्यावर तुमचे पुढचे पर्याय ठरतात.

आत्ता जायचं असेल, तर महिना-दीड महिन्याची रजा द्या, जमल्यास काही भाग पगारी. असे व्हिसा सहसा मल्टिपल एंट्री असतात, तरी त्याच्या व्हिसावर काय छापलंय आणि मुदत कधीपर्यंत आहे ते पाहून घ्या. ब्राझीलहून परत येताना यलो फीवरच्या लसीचा दाखला जवळ लागतो. नाही तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं. परतीच्या तारखेसाठी त्याला नव्या बाँडवर सही करायला लावू नका. येणारा माणूस येतो.

कायमचं जायचं असेल, तर नोटीसचा महिना हा तुमच्या हातातला सर्वांत मोलाचा काळ आहे, आणि सध्या तो अबोल्यात वाया जातोय. तुमची खरी भीती तो गेल्यावर रिजेक्शन पुन्हा चढेल ही आहे ना? मग त्याचं ज्ञान लाइनवर उतरवून घ्या. त्याच्यासोबत तीन पोरं द्या, एक सँड प्लांटवरचा, एक पोअरिंगचा आणि एक इन्स्पेक्शनचा. सकाळी पहिल्या तासाला वाळूचा ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते), ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद) आणि पर्मिअॅबिलिटी (वाळू हवा किती जाऊ देते) तो कशी बघतो, कुठला आकडा कुठे गेला की मिक्सरला काय बदल करतो, हे पोरांनी स्वतःच्या हाताने, मराठीत वहीत लिहावं. लोखंडाचा रस साच्यात जाताना कुठल्या पॅटर्नला किती तापमान धरायचं, ब्लो होल (वायूमुळे पडलेलं छिद्र) आलं तर तो आधी वाळूकडे बघतो की गेटिंगकडे (रस साच्यात जाण्याच्या वाटांकडे), आणि का, हेही लिहावं. सरावलेला माणूस मूठभर वाळू दाबतो, दोन बोटांनी मोडते कशी ते बघतो आणि सांगतो, पाणी जास्त झालंय. टेस्टिंगचा आकडा त्यानंतर येतो. ही बोटांची समज कागदावर पूर्ण उतरत नाही. त्यासाठी तिघांनी रोज त्याच्या शेजारी उभं राहून तीच मूठ दाबायची आणि आकडा येण्याआधी आपला अंदाज सांगायचा. महिन्यात तिघांपैकी एकाचा तरी हात बसेल. पण शिकवणारा खुशीत असेल तरच हे घडतं. ज्याचा पासपोर्ट अडकवलाय तो माणूस पाट्या टाकेल आणि महिना संपवेल.

तो गेल्यावरही त्याचा सल्ला हवा असेल, तर व्हिडिओ कॉलवरच्या कन्सल्टन्सीचा वेगळा करार करता येतो. परदेशात पैसे पाठवताना त्यावर कर कापावा लागेल का, हे सीएला विचारून घ्या. एक मात्र कधीही करू नका. "महिनाभरासाठी टुरिस्ट व्हिसावर ये, लाइन सेट करून जा", हे सर्रास चालतं असं कुणी सांगेल. मशिन बसवून चालू करून द्यायला येणाऱ्या परदेशी तंत्रज्ञालासुद्धा टुरिस्ट व्हिसा चालत नाही, नियमाप्रमाणे त्या कामासाठीचाच व्हिसा लागतो.

निरोपाची कागदपत्रं करताना पीएफपासून सुरुवात करा. परदेशी कर्मचाऱ्याचा पीएफ पहिल्या दिवसापासून आणि पूर्ण पगारावर कापायचा असतो, पंधरा हजारांची मर्यादा त्याला लागू नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या तरतुदी रद्द ठरवल्या, पण त्या निकालाच्या भरवशावर कोल्हापुरात कापणं थांबवू नका. ब्राझीलशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. त्यामुळे नोकरी संपल्यावर त्याला वयाची ५८ वर्षं होईपर्यंत थांबावं लागत नाही, रक्कम काढता येते. तो इथे असतानाच फॉर्म भरून घ्या, कारण साओ पावलोहून ओटीपीची कटकट त्याला झेपणार नाही. नोकरीसाठी आलेला परदेशी नागरिक देश सोडताना त्याच्या देय कराची हमी मालकाने आयकर खात्याला देण्याची तरतूद कायद्यात आहे, ते काम सीएकडे आधीच द्या. नोकरी संपल्याची माहिती ई-एफआरआरओवर आणि जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नागरिक शाखेला लेखी द्या. अनुभवाचा दाखला चांगला द्या, रिजेक्शनचा आकडा घालून द्या. आणि परतीचं तिकीट करारात नसेल, तरी तुम्ही काढा. लांबून माणूस बोलावला की त्याला घरी पोचवण्याचा खर्च बोलावणाऱ्याने धरायचा, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत तर एच-१बीवरच्या माणसाला मालकाने मुदतीआधी काढलं, तर परतीचा वाजवी प्रवासखर्च मालकानेच द्यायचा, असा नियमच आहे.

हे पत्र छापायचं ठरवलं, ते बाकीच्या कारखानदारांसाठीही. पंचतारांकित एमआयडीसीपासून गोकुळ शिरगावपर्यंत आता परदेशी तंत्रज्ञ येतात, आणि अडचणी बहुतेक वेळा सुरुवातीलाच पेरल्या जातात. काही अपवाद सोडले तर एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी पगार वर्षाला १६.२५ लाखांच्या वर असावा लागतो. फ्लॅट वगैरे सवलती त्यात धरायच्या असतील, तर त्यांची किंमत करारात आकड्यानिशी लिहावी लागते. कागदावर जास्त दाखवून थोडे रोखीने परत घ्यायचे, हा प्रकार मी ऐकून आहे. त्यात मालक आणि कर्मचारी दोघेही अडकतात. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. ज्या घरात तो राहील त्या घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन माहिती द्यायची, ज्याला लोक अजून सी फॉर्मच म्हणतात. कंपनीचं गेस्ट हाउस असेल, तर ते काम तुमचं. या पगाराच्या माणसाला ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होत नाही, त्यामुळे वैद्यकीय विमा तुम्ही काढा आणि रात्री-अपरात्री कुठल्या दवाखान्यात जायचं हे त्याला दाखवून ठेवा. करार त्याला वाचता येईल अशा भाषेत द्या. वर्षातली एक मोठी रजा करारातच लिहा, म्हणजे ऑर्डरींच्या गर्दीत तिच्यावर वाद होणार नाही. नेपाळच्या माणसाला व्हिसा लागत नाही, म्हणून वॉचमनचं नागरिकत्वाचं कार्ड कपाटात ठेवायला मोकळीक मिळते, असंही नाही.

आणि ज्यांची मुलं परदेशात अशाच मालकांच्या हाताखाली आहेत, त्यांच्यासाठी. आखातातल्या मालकाने पासपोर्ट मागितला, तर मुलाला सांगा, कॉपी दे, मूळ देऊ नकोस, आणि घेतलाच तर आपल्या दूतावासाला कळव. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसासाठीची स्पॉन्सर लायसन्सची (परदेशी माणूस आणण्याच्या मालकाच्या परवान्याची) आणि स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटची फी मालकाने कर्मचाऱ्याकडून वसूल करायला ३१ डिसेंबर २०२४ पासून बंदी आहे. तिथे स्पॉन्सरशिप संपली, तर नवा मालक शोधायला सहसा ६० दिवस मिळतात. कुणी एजंट "सर्टिफिकेटचे बारा लाख" म्हणत असेल, तर तिथेच थांबा.

तुमच्याकडे परत येते. आबांशी आज संध्याकाळी बोलाल, तेव्हा कायद्याची कलमं सांगत बसू नका. रिजेक्शनचा वाचलेला आकडा आणि बाँडचा आकडा एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. आयुष्यभर धंदा केलेल्या माणसाला तो कागद वाचता येतो. सँड प्लांटवर कुठला पोरगा लावायचा हे मात्र त्यांनाच विचारा. कुणाच्या हाताला वाळू कळते, हे त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. उद्या सकाळच्या पहिल्या पाळीला तो पोरगा वही घेऊन हजर असू दे.